रविवारची गिनती: पेन्शनवर आलेल्या दोस्ताला एकटं पडू कसं द्यायचं नाही

2019 च्या पावसाळ्यात आमच्या बॅटरीतल्या, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीतल्या, एकाने जीव दिला. मातीला आम्ही चाळीसभर माजी सैनिक जमलो. कुणी पंढरपूरहून आला, कुणी पावसात लातूरहून मोटारसायकलवर. टोप्या घातल्या, शेवटचा सॅल्यूट केला. वहिनी दारात उभ्या होत्या. रडत नव्हत्या. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, एवढे सगळे होता होय तुम्ही?"

घरी आल्यावर मी एकेकाला फोन लावत बसलो. मागच्या सहा महिन्यांत त्याच्याशी कोण बोललं होतं? ग्रुपवर रोज सकाळी 'जय हिंद' जात होतं, त्याचाही अंगठा येत होता. पण त्याचा आवाज चाळिसांपैकी एकानेही ऐकला नव्हता. मीही नाही. माझं घर विजापूर रोडला, त्याचं होटगी रोडला. मोटारसायकलने किती वेळ लागतो ते सोलापूरकराला सांगायला नको.

मी तोफखान्यातून हवालदार म्हणून 2018 ला पेन्शनवर आलो. डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. त्या मातीनंतर आम्ही अकरा जणांनी जे सुरू केलं, त्यात जे जमलं आणि जे चुकलं, ते इथे लिहितोय. तुमच्या गावात चार माजी सैनिक असतील तरी हे करता येतं.

गिनती म्हणजे काय

फौजी नसलेल्यांसाठी सांगतो. युनिटमध्ये संध्याकाळी गिनती होते. सगळे रांगेत उभे, माणसं मोजली जातात. सुट्टीवर किती, दवाखान्यात किती, ड्युटीवर किती, हजर किती. बेरीज जुळली नाही तर तो एक माणूस कुठं आहे हे कळेपर्यंत बाकीचे उभे. थंडी असो, पाऊस असो. नवीन पोराला वाटतं की ही शिक्षा आहे.

24 वर्षं रोज कुणीतरी मला मोजत होतं. 42 व्या वर्षी सोलापूरला उतरलो, पहिली संध्याकाळ झाली आणि मला कुणी मोजलं नाही. पहाटे पाचला दाढी करून, बूट चढवून ओट्यावर बसायचो. जायचं कुठं? घर बायकोने वीस वर्षं एकटीने चालवलेलं. शाळेच्या कागदावर सही हवी असली की मुलं सरळ तिच्याकडे जायची. शेत भावाकडं. मी म्हणजे घरातला पाहुणा, फक्त परत न जाणारा. पुढे एका सोसायटीच्या गेटवर रात्रपाळी धरली. तिथं विशीतलं पोरगं गाडीची काच अर्धी खाली करून म्हणायचं, "ए वॉचमन, उघड की."

हे रडगाणं नाही. मित्र अंधारात जातो तेव्हा त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशी साधी असते. लोकांना वाटतं, फौजीला त्रास म्हणजे कारगिल, सियाचिन, गोळीबार. तसंही असतं. पण आमचा मोहोळचा गडी घ्या. (युनिटमध्ये माणसाला गावाच्या नावानेच हाक मारायची पद्धत, मीही तीच पाळतो.) संसदेवरच्या हल्ल्यानंतर 2001 च्या डिसेंबरात ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि 2002 च्या ऑक्टोबरपर्यंत सैन्य सीमेवर बसून राहिलं. युद्ध झालंच नाही. पण सीमेवर सुरुंग पेरले गेले, नंतर काढले गेले, आणि त्यात माणसं गेली. राजस्थानात त्याच्या गाडीपुढची गाडी उडाली. हा ड्रायव्हर. त्याला खरचटलंही नाही. सतरा वर्षांनी, पेन्शनवर आल्यावर, त्याला कच्च्या रस्त्यावर गाडी चालवता येईना. गावाकडचा रस्ता कच्चा, म्हणून गावाला जाणं बंद झालं. घरचे समजले, भावाशी भांडण झालंय.

साखळी कशी लावायची

आमची गिनती रविवारी रात्री आठला सुरू होते. मी मोहोळच्याला फोन लावतो, तो बार्शीच्याला, बार्शीचा अक्कलकोटच्याला, असं करत अकरावा माणूस परत मला फोन करतो. गोल पूर्ण. एकेकाला पाच-सात मिनिटं लागतात, नऊ-सव्वानऊपर्यंत संपतं. कॉन्फरन्स कॉल करून बघितला होता. त्यात दोघंच बोलतात, बाकीचे 'हां, हां' करतात आणि ज्याचं ऐकायचं असतं तोच गप्प राहतो.

नियम फार नाहीत. आवाज ऐकायचा, मेसेज चालत नाही. "ते झोपलेत" असं वहिनींनी सांगितलं तर ती गैरहजेरी. उचलला नाही तर अर्ध्या तासाने परत, तरी नाही तर त्याच्या पुढच्याला फोन करून साखळी चालू ठेवायची आणि मला कळवायचं. सोमवारी जवळ राहणाऱ्याने त्याच्या घरी जायचं. लग्नात असेल, मोबाइल बिघडला असेल, शंभरातल्या नव्वद वेळा तसंच असतं. तरी जायचं. आम्ही कितीदा उगाच गेलो त्याचा हिशेब नाही. एकदा बार्शीचा गडी सासुरवाडीला मटण खात बसलेला सापडला, वर आम्हालाच शिव्या घातल्या.

जोड्या लावताना एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. अक्कलकोटच्याच्या घरात कन्नड बोलतात. त्याचं मराठी, हिंदी चोख. पण मन भरून आलं की तो कन्नडमध्ये शिरतो, आणि फोनवर समोर बार्शीचा, त्याला 'बन्नी'च्या पुढे काही येत नाही. मग दक्षिण सोलापूर तालुक्यातला एक कन्नड बोलणारा नाईक (हा फौजेतला हुद्दा) त्याच्या पुढे घातला. तेव्हापासून त्यांचा फोन वीस मिनिटं चालतो आणि साखळी दर रविवारी उशिरा संपते. आमचा बाबू, म्हणजे क्लार्क, पूर्व भागातला. घरात तेलुगू, वडिलांची हयात मागावर गेलेली. त्याची भाषा बोलणारा मात्र आमच्यात कुणी नाही. ती उणीव राहिलीय.

महिन्यातून एका रविवारी सकाळी कंबर तलावावर भेटतो. फेरी मारायची, सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा घ्यायचा, दहाच्या आत घरी. सकाळीच का, तर रात्री भेटलो की कँटीनचा दारूचा कोटा बाहेर निघतो. पहिलं वर्ष आमचं तसंच गेलं. मोठमोठ्या आवाजात जुन्या पोस्टिंगच्या गोष्टी, गळ्यात गळे, आणि दुसऱ्या दिवशी ज्याला त्रास आहे तो आणखी खाली. दारूने झोप लागते असं वाटतं, ती झोप नसते. ज्याचं मन आधीच घसरलंय त्याच्यासोबत बाटली उघडू नका. बाकी कुणी काय प्यावं हे सांगायचा मला हक्क नाही, माझाही कोटा मी घेतोच.

कुणाकडे लक्ष ठेवायचं

फौजी "मला त्रास होतोय" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "एकदम ठीक." हे 'एकदम' आलं की कान टवकारायचे.

आम्हाला दिसलेल्या खुणा सांगतो. वीस वर्षं रोज दाढी करणारा माणूस चार दिवसांची दाढी घेऊन दिसतो. कँटीनला स्वतः येणं बंद, कार्ड पुतण्याकडे देतो. हयातीच्या दाखल्याची तारीख टळते. माणूस विसरत नाही हो, त्याला जावंसंच वाटत नाही. उधारी अचानक फेडून टाकतो. सगळ्यात वाईट खूण म्हणजे काळी ट्रंक उघडून पदकं, गरम जर्सी, घड्याळ कुणाकुणाला देऊन टाकतो. होटगी रोडच्या आमच्या मित्राने त्याचं घड्याळ मेहुण्याला दिलं होतं. मातीच्या दिवशी ते मेहुण्याच्या मनगटावर होतं. तेव्हा कळलं, पण तेव्हा कळून काय.

या खुणा आपल्याआधी वहिनींना दिसतात. म्हणून वहिनींचा नंबर प्रत्येकाकडे असायला हवा, आणि त्यांच्याकडे आपला. यात संकोच कसला? आमच्या बायकांनी आपापसांत वेगळी साखळी लावलीय, ती आमच्यापेक्षा चांगली चालते. तिथे डाळीच्या भावापासून सगळं बोलतात, त्यामुळे खरी बातमी तिथेच फुटते. मोहोळच्याचं मला माझ्या बायकोकडून कळलं: "वहिनी म्हणत होत्या, रात्रभर जिन्यात बसतात."

घरी जाताना

मोहोळच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सगळं चुकवलं. समोर खुर्ची ओढून बसलो आणि भाषण दिलं. अरे तू फौजी आहेस, आपण काय काय सोसलं, लोकांचे हाल बघ, आपली पेन्शन तरी चालू आहे. तो मान डोलावत राहिला, चहा पाजला, फाटकापर्यंत सोडायला आला. नंतरचे तीन रविवार फोन उचलला नाही.

चौथ्या खेपेला मी पाण्याच्या दिवशी गेलो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं आणि आलं की अख्खं घर कामाला लागतं. तो जुळे सोलापुरात राहतो. मी जाऊन काही न बोलता पाइप धरला. टाकी, पिंप, हंडे, गच्चीवरचं बॅरल. दोन तास आम्ही फक्त "बंद कर", "सोड", "वर झालं का" एवढंच बोललो. मग दोघं गच्चीवर टाकीला पाठ टेकून बसलो, ओल्या पायांनी. तो समोर बघत म्हणाला, "ती गाडी मी पुढे घेणार होतो रे. त्याने हात केला, थांब म्हणून, आणि स्वतःची घातली."

सतरा वर्षं त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

तेव्हा जायचं ते काम घेऊन, नाहीतर काम असेल त्या दिवशी. मोटार बसवायचीय, पोरीसाठी स्थळ बघायला जायचंय, शेतात हुरडा आलाय, काहीही. समोरासमोर बसू नका, शेजारी बसा. सल्ला लगेच काढू नका. "तिथं नेमकं काय झालं?" असं खोदूही नका, त्याला सांगायचं असेल तेवढंच सांगू द्या. "विसरून जा" तर अजिबात म्हणू नका. आणि उठताना पुढच्या वेळेचा दिवस सांगून उठा. "येईन कधीतरी" म्हणजे न येणं, हे दोघांनाही ठाऊक असतं.

सरळ विचारायचं

ह्या जागी भल्याभल्यांची जीभ अडकते. तुम्हाला शंका आली तर आडवळण न घेता विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" याच शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती आपल्याला असते. तसं होत नाही, डॉक्टरही हेच सांगतात. माझा अनुभव असा की विचारल्यावर माणसाचे खांदे उतरतात, जसं पाठीवरचं पिट्टू कुणीतरी खाली घेतलं.

"हो" म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही. "कुणाला सांगू नको" अशी शपथ तो घालेल. घेऊ नका. मी मोहोळच्याला म्हणालो, "सांगणार. आणि कुणाला सांगणार ते तुझ्यादेखत सांगतो: वहिनी, बाबू आणि डॉक्टर. चौथा नाही." चिडला. चालतं, चिडू दे.

मग घर बघायचं. आपल्यातले बरेच जण गार्डची नोकरी करतात, लायसनची बंदूक घरात असते. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. त्याला सोबत घेऊन जा, पावती त्याच्याच हातात द्या. "तुझीच आहे, बरा झालास की परत आणू," एवढं पुरतं. शेतावरची औषधं दुसऱ्याच्या कुलपात. तो वाईट तास निघून जातो. तो निघून जाईपर्यंत हाताशी काही असू नये, एवढंच बघायचं.

रात्री-अपरात्री फोन करायला 14416, टेली-मानस. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, आणि सैन्यासाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय कॉलेजात, त्याचा वेगळा कक्ष 2023 च्या डिसेंबरात निघाला. काही करून बसला असेल तर 108 ची रुग्णवाहिका. पोलीस केसच्या भीतीने घरचे दवाखाना टाळतात, म्हणून हे पाठ करून ठेवा: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याच्या उपचाराची सोय करायची, असं ते कलम सांगतं.

दवाखाना आणि कागद

आपल्याकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असतं. गुडघा दुखला की आपण पॉलिक्लिनिकमध्ये रांगेत पहिले. तिथूनच मानसोपचार तज्ज्ञाकडे रेफरल मिळतं, पण ते मागायला तोंड उघडत नाही. रांगेत मागे ओळखीचा सुभेदार उभा असतो ना! म्हणून सोबत जा. मी मोहोळच्यासोबत बाकावर बसलो, आणि ओळखीच्या एकाने विचारलं तेव्हा सांगितलं, "मलाच दाखवायचंय." खोटं बोललो. नंतर खरंच दाखवलं, झोपेचं. बरं झालं.

गोळ्या सुरू झाल्या की पुढचे काही आठवडे दोस्ताची खरी गरज असते. मनाच्या आजाराची औषधं बहुतेक दोन-चार आठवड्यांनी गुण दाखवतात, काहींना त्याहून उशिरा. तोवर तोंड कोरडं पडणं, सुस्ती, असले त्रास आधी होतात आणि माणूस म्हणतो, "काय उपयोग नाही, बंद केल्या." रोज विचारायचं: घेतली का? बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टरला न विचारता बंद करायच्या नाहीत. मोहोळच्याने दोन महिन्यांनी परस्पर सोडल्या होत्या. परत जिन्यात बसायला लागला. परत सुरू केल्या.

कागदांचं बाबू बघतो. 'स्पर्श' या पेन्शनच्या वेबसाइटवरचा लॉगिन अडकलेला, पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) बायकोच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं, असल्या कटकटींनी अर्धी झोप उडालेली असते. ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि माणूस सहा महिने कुढत बसतो. सोल्जर बोर्ड, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, मित्राची फाइल घेऊन त्याच्यासोबत जा. डिस्चार्ज बुकाच्या दोन झेरॉक्स जास्तीच्या न्या, त्या नेहमी कमी पडतात.

एकट्याने करू नका

सेंट्रीला दोन तास उभं करतात, मग चार तास आराम. का, तर त्याहून जास्त वेळ कुणाचेच डोळे टिकत नाहीत. मोहोळच्याच्या वाईट दिवसांत मी हे विसरलो. रोज जाणारा मीच, रात्री फोन घेणारा मीच. दीड महिन्यात माझंच जेवण तुटलं, घरात चिडचिड सुरू झाली. बायको म्हणाली, "एकाला वर काढताना दुसरा आत पडायलाय."

तोफेवर प्रत्येकाला नंबर असतो आणि माणूस कमी पडला तर उरलेल्यांनी त्याचं काम वाटून घ्यायचं, याचीही ड्रिल असते. तेच केलं. सोमवार-गुरुवार बार्शीचा फोन, मंगळवारी बाबू संध्याकाळी जाणार, पाण्याच्या दिवशी मी, दवाखान्याला नाईक. वहीत लिहून काढलं, वही वहिनींकडे दिली. आज कुणाची ड्युटी आहे हे त्यांना माहीत असलं की त्यांनाही रात्री पाठ टेकता येते.

14 जानेवारीला माजी सैनिक दिन असतो आणि सोलापुरात तेव्हाच गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरलेला. यंदा आम्ही नंदीध्वज बघायला एकत्र गेलो. मोहोळचा गर्दीला बिचकतो, म्हणून कडेच्या एका दुकानाच्या पायरीवर बसला. दोघं आळीपाळीने त्याच्याजवळ. त्याने पोतंभर चुरमुरे घेतले, एवढे कशाला म्हटलं तर सांगतो, "गावाला न्यायचेत. भाऊ गाडी चालवणार हाय, मी शेजारी बसणार."

गेल्या रविवारी साखळी लांबली. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. मी चपला घातल्या, मोटारसायकलची किल्ली घेतली, तेवढ्यात बाबूचा फोन आला.

"साहेब, गिनती पूर्ण. अकरा. अक्कलकोटवाला आणि नाईक कन्नडमध्ये भांडत होते, म्हणून उशीर."

"कशावरून?"

"मला काय कळतंय? उद्या पाणी आहे का तुमच्याकडे?"